हद्दपार गायिका मिरियम मकेबा

चरित्रें बहुधा राजांचीं, सेनापतींचीं, संशोधकांचीं अथवा साधुसंतांचीं लिहिलीं जातात. एका गाणारणीचें चरित्र शाळेच्या वार्षिकांत कशासाठीं, असें कोणी पालक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें आहे कीं, ज्या सरकारजवळ सैन्य होतें, तुरुंग होते, सोन्याच्या आणि हिऱ्यांच्या खाणी होत्या, त्या सरकारला एका बाईच्या गळ्याचें भय वाटलें. तें इतकें कीं, तिनें जन्मभूमींत पाऊल टाकूं नये अशी त्यानें तजवीज केली व तिच्या गाण्यांच्या तबकड्यांवर बंदी घातली. त्या गळ्यांत असें काय होतें, हें शोधून पाहण्याजोगें आहे. ही बाई म्हणजे दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा (जन्म १९३२, मृत्यु २००८). आफ्रिकेंतील लोक तिला प्रेमानें ‘मामा आफ्रिका’, म्हणजे आफ्रिकामाता, असें म्हणत.

जन्म व बालपण

मिरियमचा जन्म ४ मार्च १९३२ रोजीं जोहान्सबर्ग शहराजवळील प्रॉस्पेक्ट नांवाच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तींत झाला. वडील कॅसवेल हे खोसा जमातीचे असून शिक्षक होते. आई ख्रिस्तिना ही स्वाझी जमातीची. ती गोऱ्यांच्या घरीं घरकाम करी व आपल्या लोकांत परंपरागत वैद्यकी करी. प्रसूति फार कठीण झाली. जवळ बसलेली आजी ‘उझेन्झिले’, म्हणजे ‘हें तूंच आपल्यावर ओढवून घेतलेंस’, असें वारंवार पुटपुटत असे. त्यावरूनच मुलीचें नांव झेन्झिले असें ठेविलें. मिरियम हें तिचें दुसरें नांव.

मूल अवघें अठरा दिवसांचें असतां आईला पोलिसांनीं पकडून नेलें. तिचा गुन्हा कोणता? घरच्या मिळकतींत भागेना, म्हणून तिनें मक्याचें पीठ व मोड आणलेलें धान्य आंबवून ‘उम्कोम्बोथी’ नांवाचें पेय घरीं केलें व विकलें. कृष्णवर्णीयांस तसें करण्याची कायद्यानें मनाई होती. दंड भरण्यास पैसा नव्हता. सबब सहा महिन्यांची कैद झाली. तान्ह्या मुलीला आईबरोबर तुरुंगांत जावें लागलें. जगाच्या थोर नाट्यगृहांत पुढें जिचा आवाज घुमला, तिच्या आयुष्याचे पहिले महिने असे तुरुंगांत गेले.

वयाच्या सहाव्या वर्षीं मिरियम पितृछत्रास मुकली. आईनें जोहान्सबर्गमध्यें गोऱ्या कुटुंबांची चाकरी धरली. चाकरीच्या जागींच राहावें लागे, म्हणून मिरियमला प्रिटोरिया येथील रिव्हरसाइड वस्तींत आजीकडे ठेवण्यांत आलें. तेथें पुष्कळ भावंडांच्या मेळ्यांत ती वाढली. दारिद्र्य होतें, पण घरांत संगीत होतें. आईला कांहीं देशी वाद्यें वाजवितां येत. थोरल्या भावाला तबकड्या जमविण्याचा नाद होता. ड्यूक एलिंग्टन व एला फिट्झजेराल्ड या अमेरिकन कलावंतांचें संगीत त्याच्याचमुळें तिच्या कानीं पडलें.

मिशनची शाळा

आमच्या वाचकांस जिव्हाळ्याची वाटावी अशी गोष्ट येथें येते. प्रिटोरिया येथें किल्नर्टन या ठिकाणीं मेथडिस्ट मिशननें कृष्णवर्णीय मुलांसाठीं चालविलेली शाळा होती. मिरियम तेथें आठ वर्षें शिकली. शाळेच्या गायकवृंदांत ती गाऊं लागली व तिच्या आवाजाची वाहवा तेथेंच प्रथम झाली. उपासनेच्या वेळींही ती इंग्रजी, खोसा, सोथो व झुलू अशा चार भाषांतील गीतें गात असे. इंग्रजी बोलतां येण्यापूर्वींच आपणांस इंग्रजींत गातां येऊं लागलें, असें तिनें पुढें सांगितलें आहे.

दक्षिण आफ्रिकेंत मिशनच्या शाळांनीं संगीताची जी सेवा केली ती लहान नाहीं. जोहान्सबर्गच्या बाजूस एका मेथडिस्ट मिशन शाळेंत शिक्षक असलेल्या इनॉक सोंटोंगा यांनीं १८९७ सालीं ‘न्कोसी सिकेलेल् इ-आफ्रिका’ हें प्रार्थनागीत रचलें. देवानें आफ्रिकेस आशीर्वाद द्यावा, अशी त्यांत विनवणी आहे. तेंच पुढें स्वातंत्र्याच्या चळवळीचें गीत झालें, व आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतांत त्याचा अंतर्भाव आहे. मुलांच्या तोंडीं घातलेलें गाणें केवढें मोठें होऊं शकतें, याचें याहून दुसरें उदाहरण कशाला हवें?

वर्णभेदाचें राज्य

पुढील कथा समजण्यासाठीं त्या देशाची तत्कालीन स्थिति थोडक्यांत सांगणें जरूर आहे. देशांत कृष्णवर्णीयांची संख्या कितीतरी अधिक. पण राज्य मूठभर गोऱ्यांचें. १९४८ सालच्या निवडणुकींत नॅशनल पक्ष अधिकारावर आला. आजवर रूढीनें व तुटक कायद्यांनीं चालत आलेलें गोऱ्यांचें वर्चस्व त्यानें पद्धतशीर राज्यनीति बनविलें. या नीतीस ‘अपार्टहाइट’ म्हणत. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आफ्रिकान्स भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘वेगळेपणा’ असा आहे. १९५० सालच्या एका कायद्यानें प्रत्येक मनुष्याची नोंद त्याच्या वर्णावरून होऊं लागली. त्याच वर्षींच्या दुसऱ्या कायद्यानें कोणत्या वर्णाच्या लोकांनीं कोठें राहावें हें ठरविलें. कृष्णवर्णीय मनुष्यास सदैव खिशांत परवाना बाळगावा लागे. तो नसला कीं तुरुंग ठरलेला.

१९५३ सालच्या बांटू शिक्षण कायद्यानें शाळांवरही घाला आला. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचा ताबा सरकारनें आपल्याकडे घेतला व मिशनच्या शाळांची मदत आटली. या मुलांस मजुरीपुरतें शिक्षण मिळालें म्हणजे पुरे, असें त्या कायद्यामागचें धोरण होतें. ज्या तऱ्हेच्या शाळेंत मिरियम गाणें शिकली, त्या तऱ्हेच्या पुष्कळ शाळा यानंतर बंद पडल्या किंवा सरकारजमा झाल्या.

जोहान्सबर्गच्या रंगभूमीवर

शाळा सुटल्यावर मिरियमनें आईप्रमाणेंच गोऱ्यांच्या घरीं मोलकरणीचें व मुलें सांभाळण्याचें काम केलें. १९४९ सालीं तिचें लग्न झालें व १९५० सालीं बोंगी नांवाची मुलगी झाली. परंतु तो संसार लौकरच मोडला. पदरांत लहान मूल असतां तिनें गाण्यावर पोट भरण्याचें धाडस केलें. येथून पुढें आम्ही तिला मिरियमबाई म्हणूं, कारण ती आतां आपल्या पायांवर उभी राहिलेली स्त्री होती.

आरंभीं एका लहान गायकमंडळींत व नंतर ‘मॅनहॅटन ब्रदर्स’ या नांवाजलेल्या मंडळींत मिरियमबाई गाऊं लागल्या. या मंडळींत बाकी सारे पुरुष, आणि स्त्री अशी त्या एकट्या. १९५३ सालीं त्यांची ‘लाकु त्शोनि इलंगा’ ही खोसा भाषेंतील तबकडी निघाली व ती लोकांस फार आवडली. १९५६ सालीं ‘स्कायलार्क्स’ या केवळ स्त्रियांच्या मंडळींत त्या सामील झाल्या. कीर्ति झाली, पण पैसा हातीं आला नाहीं. कृष्णवर्णीय कलावंतांस तबकडीबद्दल ठराविक अल्प मोबदला देऊन वाटेस लावीत. खपाचा नफा कंपनीच्या पेटींत जाई.

वर सांगितलेल्या खोसा गाण्याची पुढची हकीकत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मूळ गाण्याचा विषय मोठा करुण आहे. सूर्य मावळला तरी प्रिय माणूस घरीं परतलें नाहीं, म्हणून त्याचा शोध तुरुंगांत आणि इस्पितळांत घेणाऱ्या जीवाचें तें गाणें. परवान्याच्या कायद्याखालीं कोणीहि केव्हांहि पकडला जाई, अशा शहरांत या गाण्याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नसे. अमेरिकेंत तें विकावयाचें ठरलें, तेव्हां त्याला इंग्रजी शब्द घालण्यांत आले, आणि त्यांत ना तुरुंग, ना इस्पितळ. केवळ प्रियकराच्या गोड थापांचें वर्णन! ‘लव्हली लाइज’ या नांवानें १९५६ सालीं तें निघालें व अमेरिकेंतील पहिल्या शंभर लोकप्रिय तबकड्यांच्या यादींत जाऊन बसलें. दक्षिण आफ्रिकेच्या तबकडीस हा मान प्रथमच मिळत होता. सूर तोच, आवाज तोच. पण शब्द बदलतांच गाण्यांतील साक्ष नाहींशी झाली. मिरियमबाईंनीं पुढें आयुष्यभर आपल्या भाषेंतील गाणीं परक्यांपुढें मूळ शब्दांतच गाण्याचा जो आग्रह धरला, त्याचें मर्म या एका उदाहरणावरून कळतें.

१९५९ च्या फेब्रुवारींत ‘किंग काँग’ नांवाचें संगीत नाटक जोहान्सबर्गच्या विद्यापीठांत रंगभूमीवर आलें. त्या नांवाच्या वानराच्या बोलपटाशीं याचा कांहीं संबंध नाहीं. एका कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याच्या दुःखान्त आयुष्यावर तें रचलेलें होतें. सारीं पात्रें कृष्णवर्णीय, आणि नायिकेचें काम मिरियमबाईंकडे. प्रयोग विद्यापीठाच्या आवारांत असल्यामुळें गोरे व काळे प्रेक्षक एका छपराखालीं बसूं शकले. त्या काळीं तेथें हें दृश्य दुर्मिळ होतें.

याच सुमारास लायोनेल रोगोसिन या अमेरिकन दिग्दर्शकानें कृष्णवर्णीयांची खरी स्थिति दाखविणारा ‘कम बॅक, आफ्रिका’ हा बोलपट, सरकारला खरा विषय कळूं न देतां, तयार केला. त्यांत मिरियमबाई दोन गाणीं गातात. त्यांचें काम कांहीं मिनिटांचेंच आहे, पण १९५९ सालीं व्हेनिस येथील महोत्सवांत तो बोलपट दाखविला गेला तेव्हां परदेशांतील रसिकांचें लक्ष त्या मिनिटांनींच वेधून घेतलें. त्यासाठीं मिरियमबाई देशाबाहेर पडल्या. वय सत्तावीस वर्षें. लहानगी बोंगी घरींच होती. थोड्याच दिवसांत आपण परत येऊं, असें त्यांस वाटत होतें.

मिटलेलें दार

लंडनमध्यें मिरियमबाईंची गांठ हॅरी बेलाफोंटे या अमेरिकन गायकाशीं पडली. बेलाफोंटे यांनीं त्यांस वडील भावाप्रमाणें आधार दिला व अमेरिकेंत त्यांचा जम बसवून दिला. ३० नोव्हेंबर १९५९ रोजीं दूरचित्रवाणीवरील स्टीव्ह ॲलन यांच्या कार्यक्रमांत त्या गायल्या, व एका रात्रींत लाखों अमेरिकन लोकांस त्यांचें नांव ठाऊक झालें. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या लहानशा, पण प्रसिद्ध जागीं त्यांचें गाणें ऐकण्यास मोठमोठे कलावंत येत.

इकडे असें यश येत असतां मायदेशीं आग पेटत होती. २१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें परवान्याच्या कायद्याविरुद्ध निदर्शनासाठीं जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. ६९ माणसें मारलीं गेलीं. त्यांत मिरियमबाईंचे दोन नातलगही होते. त्याच वर्षीं आईच्या मृत्यूची वार्ता आली. जिनें अठरा दिवसांच्या मुलीला उराशीं धरून तुरुंग काढला होता, त्या मातेच्या मातीस जाण्यासाठीं मिरियमबाई निघाल्या, तों त्यांस समजलें कीं, आपला पासपोर्ट सरकारनें रद्द केला आहे. आईचें अंत्यदर्शन त्यांस घडलें नाहीं. त्या दिवसापासून त्या निर्वासित झाल्या. तोंपर्यंत त्यांनीं कोणत्याहि राजकीय व्यासपीठावर भाषण केलेलें नव्हतें, हें लक्षांत घेतलें पाहिजे.

जिभेचे ‘टक्’ आवाज

अमेरिकेंत मिरियमबाईंचें जें गाणें सर्वांत अगोदर गाजलें, त्याचें खरें नांव ‘कोंगकोथ्वाने’. तें खोसा लोकांचें लग्नप्रसंगीं गावयाचें जुनें गाणें असून त्यांत टकटक आवाज करणाऱ्या एका किड्याचा उल्लेख येतो. खोसा भाषेंत जीभ झटक्यानें सोडून काढावयाचीं कांहीं व्यंजनें आहेत. त्यांचे मुख्य प्रकार तीन. आपण एखाद्याबद्दल हळहळतांना जीभ वरच्या दातांमागें लावून ‘च् च्’ करितों, तो पहिला. गाडीवान जनावर हांकतांना गालाच्या बाजूनें जो आवाज काढतो, तो दुसरा. जीभ टाळूस चिकटवून एकदम खालीं ओढली म्हणजे बाटलीचें बूच निघाल्यासारखा आवाज होतो, तो तिसरा; आणि या गाण्यांत तोच पुन्हां पुन्हां येतो. आपल्याकडे हे आवाज नुसते उद्गार आहेत. खोसा भाषेंत तीं शब्दांतील अक्षरें आहेत, व त्यांच्या जोडीनें स्वरही उच्चारावा लागतो. मुलांनीं घरीं प्रयत्न करून पाहावा. गातांना तें साधणें किती अवघड आहे हें ध्यानांत येईल.

गोऱ्या वसाहतवाल्यांस मूळ नांव उच्चारतां येईना, म्हणून त्यांनीं या गाण्यास इंग्रजींत ‘टकटकीचें गाणें’ असें नांव ठेविलें. मिरियमबाई रंगमंचावर ही गोष्ट हंसत हंसत सांगत व मग मूळ गाणें गात. त्या हंसण्यांत मोठा स्वाभिमान होता. माझ्या भाषेंत कांहीं उणें नाहीं, उणें असेल तर ऐकणाराच्या जिभेंत आहे, एवढें त्या न भांडतां सांगून जात. पोशाख व केशरचना यांविषयींही त्यांचें असेंच वर्तन असे. केस सरळ करण्याची त्या काळची पद्धत न पाळतां त्यांनीं आपले आखूड कुरळे केस जसेच्या तसे राखिले. पुढें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय स्त्रियांनीं त्यांचें अनुकरण केलें. स्वाहिली, झुलू, फ्रेंच, पोर्तुगीज, अरबी अशा अनेक भाषांत त्या गायल्या. परंतु मायबोली त्यांनीं कधीं सोडली नाहीं.

राष्ट्रसंघापुढें साक्ष

दक्षिण आफ्रिकेंतील वर्णभेदाशीं आपल्या देशाचा जुना संबंध आहे. गांधीजींनीं १८९३ पासून १९१४ पर्यंतचा बहुतेक काळ त्या देशांत काढला व सत्याग्रहाचें शस्त्र तेथेंच घडविलें. १९४६ सालीं हिंदुस्थानानें दक्षिण आफ्रिकेशीं व्यापार तोडला आणि तेथील हिंदी लोकांवरील अन्यायाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढें नेला. त्या वेळीं आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. याच बाई पुढें १९६२ सालीं महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. तेव्हां सुरू झालेल्या चर्चेंतूनच कालांतरानें राष्ट्रसंघानें वर्णभेदाच्या चौकशीसाठीं एक खास समिति नेमली.

१६ जुलै १९६३ रोजीं या समितीपुढें मिरियमबाईंनीं साक्ष दिली. आपल्या देशांतील स्थिति त्यांनीं साध्या शब्दांत सांगितली, आणि दक्षिण आफ्रिकेस शस्त्रें विकूं नयेत, कारण तीं तेथील स्त्रियांवर व मुलांवर चालविलीं जातील, अशी विनंती केली. पुढच्याच महिन्यांत सुरक्षा समितीनें सर्व राष्ट्रांस दक्षिण आफ्रिकेला शस्त्रें न विकण्याचें आवाहन केलें. हें केवळ एका साक्षीचें फळ होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यामागें अनेक राष्ट्रांचे वर्षानुवर्षांचे प्रयत्न होते. परंतु जिचा आवाज लाखों घरांत ऐकला जात होता तिनें तें बोलल्यानें त्याचें वजन वाढलें, हें उघड आहे.

प्रिटोरियाच्या सरकारनें याचें उत्तर तत्काळ दिलें. मिरियमबाईंचें नागरिकत्व काढून घेतलें व त्यांच्या तबकड्यांस देशांत बंदी केली. या बंदीनंतर पृथ्वीवरील कोणताहि देश त्यांचा उरला नाहीं. पण एका दारानें हांकललें तों दुसरीं दारें उघडलीं. निरनिराळ्या राष्ट्रांनीं त्यांस आपले पासपोर्ट देऊं केले. आयुष्यभरांत त्यांस असे नऊ पासपोर्ट व दहा देशांचें सन्माननीय नागरिकत्व मिळालें. १९६३ सालींच ॲडिस अबाबा येथें आफ्रिकी राष्ट्रांची संघटना स्थापन झाली, त्या समारंभांत त्या गायल्या. १९६६ सालीं बेलाफोंटे यांच्यासह गायिलेल्या गीतसंग्रहाबद्दल त्यांस अमेरिकेचें ‘ग्रॅमी’ पारितोषिक मिळालें.

कीर्ति आणि पुन्हां वनवास

१९६७ सालीं ‘पाटा पाटा’ हें गाणें जगभर गाजलें. ‘पाटा’ म्हणजे स्पर्श. जोहान्सबर्गच्या वस्त्यांतील एका नाचाचें तें हलकेंफुलकें गाणें. स्वतः मिरियमबाईंस हें आपल्या गाण्यांतील सर्वांत बिनमहत्त्वाचें वाटे, व अधिक गंभीर गाण्यानें लोकांनीं आपणांस ओळखावें अशी त्यांची इच्छा होती. तरी जेथें जात तेथें श्रोते तेंच मागत, आणि त्या तें गात.

परंतु अमेरिकेंतील त्यांच्या वैभवास लौकरच ओहोटी लागली. १९६८ सालीं त्यांनीं स्टोकली कार्मायकेल या कृष्णवर्णीय चळवळीच्या जहाल पुढाऱ्याशीं विवाह केला. लागलीच अमेरिकेंतील त्यांचे ठरलेले जलसे रद्द होऊं लागले. ज्या देशानें त्यांस डोक्यावर घेतलें होतें, त्यानेंच पाठ फिरविली. तेव्हां त्या पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत राहावयास गेल्या व सुमारें पंधरा वर्षें तेथें राहिल्या. गिनीच्या प्रतिनिधि म्हणून १९७५ व १९७६ सालीं त्यांनीं राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढें भाषणें केलीं.

येथें एक गोष्ट लपवून ठेवणें बरें नव्हे. गिनीचे अध्यक्ष सेकु तुरे यांनीं मिरियमबाईंस आश्रय दिला खरा. पण हेच अध्यक्ष आपल्या देशांतील विरोधकांस तुरुंगांत डांबीत, व तेथें कित्येकांचे प्राण गेले. प्रिटोरियाच्या जुलमाविरुद्ध ज्यांनीं एवढी स्पष्ट साक्ष दिली, त्या मिरियमबाई आपल्या आश्रयदात्याच्या जुलमाविषयीं तसें बोलल्या नाहींत. उपकाराचें ओझें सत्यापेक्षां जड होऊं शकतें. थोरांचीं चरित्रें वाचतांना त्यांचे गुण घ्यावे, पण डोळे मिटूं नयेत, असें आम्हांस वाटतें.

१९८५ सालीं त्यांची एकुलती एक मुलगी बोंगी प्रसूतींत वारली. ती स्वतः गायिका असून आईसाठीं गाणीं रचीत असे. या घावानंतर मिरियमबाईंनीं गिनी सोडली व ब्रुसेल्स येथें बिऱ्हाड केलें. पण गाणें सोडलें नाहीं. १९८७ सालीं अमेरिकन गायक पॉल सायमन यांच्या ‘ग्रेसलँड’ दौऱ्यांत त्या झिंबाब्वे देशांत गायल्या. हा देश म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा शेजार. स्वदेशाची सीमा जवळ होती, तरी ओलांडतां येत नव्हती.

परत घरीं

११ फेब्रुवारी १९९० रोजीं नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांच्या कारावासांतून सुटले. त्यांच्या आग्रहावरून १० जून १९९० रोजीं मिरियमबाई दक्षिण आफ्रिकेंत परतल्या; तेंही फ्रान्सच्या पासपोर्टावर. सत्ताविसाव्या वर्षीं बाहेर पडलेली तरुणी अठ्ठावन्नाव्या वर्षीं घरीं आली. मधलीं एकतीस वर्षें कोणतेंहि सरकार परत देऊं शकत नव्हतें. १९९४ सालीं देशांत सर्व वर्णांच्या लोकांनीं प्रथमच मतदान केलें व मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले.

यापुढें मिरियमबाईंनीं निराधार मुलींसाठीं एक आश्रम स्थापिला. १९९९ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेतकी संघटनेनें त्यांस आपल्या सदिच्छा-दूत नेमिलें. २००२ सालीं स्वीडनचें ‘पोलर’ संगीत पारितोषिक त्यांस मिळालें. २००५ सालीं त्यांनीं जगाचा निरोपाचा दौरा सुरू केला. पण बोलावणें आलें म्हणजे त्यांच्यानें नाहीं म्हणवत नसे.

असेंच एक बोलावणें इटलींतून आलें. नेपल्सजवळील कास्तेल व्होल्तुर्नो या गांवीं सप्टेंबर २००८ मध्यें गुंडांच्या टोळीनें सहा आफ्रिकी मजुरांस ठार मारलें होतें. त्या टोळ्यांविरुद्ध लिहिणारे लेखक रॉबेर्तो साव्हियानो यांस जिवाची धमकी होती. त्यांस पाठिंबा देण्यासाठीं तेथें जलसा झाला. शहात्तर वर्षांच्या, थकलेल्या मिरियमबाई तेथें गेल्या व गायल्या. शेवटचें गाणें झालें, आणि थोड्याच वेळांत हृदय बंद पडून त्यांचा अंत झाला. रंगमंचावरील तें शेवटचें गाणें ‘पाटा पाटा’च होतें. दिनांक ९ नोव्हेंबर २००८.

आपण काय घ्यावें?

मिरियमबाईंचें शालेय शिक्षण बेताचें होतें; संपत्ति नव्हती; कोणत्याहि पक्षाचें बळ पाठीशीं नव्हतें. आपण राजकारण गात नसून सत्य गातों, असें त्या सांगत. विचार केला असतां यांतच त्यांच्या सामर्थ्याचें मूळ सांपडतें. सरकारनें वर्तमानपत्रांचीं तोंडें बंद केलीं, पुढाऱ्यांस तुरुंगांत टाकलें, शाळा ताब्यांत घेतल्या. पण लग्नांत गावयाचें गाणें, हरवलेल्या माणसाच्या शोधाचें गाणें, मुलाला निजवितांनाचें गाणें, हीं जगानें ऐकलीं तेव्हां ज्यांस ‘मजूर’ म्हणून मोजीत होते त्यांस घरें आहेत, आईबाप आहेत, भाषा आहे, हें जगाला आपोआप कळलें. हें कळूं नये म्हणूनच तो पासपोर्ट रद्द झाला होता.

मुलांनो, तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं जी भाषा बोलली जाते ती शाळेंतील भाषेहून निराळी असेल. कोणाची गांवाकडची बोली असेल, कोणाची डोंगराकडची. चारचौघांत ती बोलावयास लाज वाटत असेल, तर जिभेचे ‘टक्’ आवाज भरसभेंत अभिमानानें काढणाऱ्या या बाईची आठवण करा. इंग्रजी शिका, मन लावून शिका. मिरियमबाईही इंग्रजी शिकल्या व त्या भाषेंतच त्यांनीं राष्ट्रसंघापुढें साक्ष दिली. पण आजीनें शिकविलेलें गाणें विसरूं नका.

आणि पालकांस आमची एक विनंती आहे. घरांत कोणी मुलगा वा मुलगी गात असेल, तर अभ्यासाचा वेळ फुकट जातो म्हणून तिला गप्प करूं नये. किल्नर्टनच्या शाळेनें एका मोलकरणीच्या मुलीला गायकवृंदांत उभें केलें, त्या वेळीं पुढें काय होणार हें तेथील शिक्षकांस ठाऊक नव्हतें. त्यांनीं तिला गाऊं दिलें, एवढेंच.